मणीकामाचं किट घेऊ नका!

परवा टीममधली एक मैत्रीण म्हणाली, "अरे, ते मण्यांचं विणकाम माझ्याच्याने नाही होणार. माझा हातच तसा नाही." म्हटलं, आधी किट दाखव. पंधराशे रुपयांचा डबा! चोवीस कप्प्यांत चोवीस रंग, छोटा लाकडी माग, चिमटे, हुक, आणि दोरा म्हणून इलॅस्टिक. सुई एकच, आणि तीसुद्धा निम्म्या मण्यांतून जाईना.

हात नाही म्हणे. डोकंच फिरलं माझं. सुई मण्यात शिरत नाही हा दोष हाताचा कसा?

मंडळी, हिशोब करा. दोन मिलिमीटरचा, म्हणजे ११ नंबरचा काचेचा मणी एका ग्रॅममध्ये साधारण शंभर बसतो. दहा मणी रुंद अशी मनगटभर पट्टी करायला सात-आठशे मणी लागतात. म्हणजे दहा ग्रॅममध्ये काम झालं! पुण्यात बोहरी आळीत जा, दोन रंग घ्या, १० नंबरच्या मण्यांच्या सुया घ्या. पैसे खर्च करायचेच तर दोऱ्यावर करा. शिलाईचं सुती रीळ काचेच्या कडेने कुरतडलं जातं. तंगूस टिकतो, पण ताठ असतो, पट्टी कडक होते. पीळ दिलेला बारीक नायलॉन घ्या आणि मधमाशीच्या मेणावरून ओढा. झालं. माग नको.

दोनच रंग का? पेयोटी टाक्याच्या पहिल्या तीन ओळींत सगळे गळतात, मीही गळलो होतो. लाल-पांढरा-लाल-पांढरा असे दहा मणी ओवा. शेवटचा पांढरा आला ना? आता पांढरा उचला, तो शेवटचा पांढरा सोडून अलीकडच्या लालमधून सुई घाला. त्या ओळीत फक्त पांढरे उचलायचे आणि फक्त लालमधून जायचं. पुढच्या ओळीत बरोबर उलटं. चुकलात तर रंगच ओरडतो, कंपायलरसारखा. चोवीस रंगांत ही सोय कुठली?

काहीजण म्हणतील, जपानी मणीच हवेत, एकसारखे असतात. खरंय. ते डेलिका नळकांडीसारखे असतात, विटांसारखे बसतात. पण पहिली पट्टी तुम्ही तीनदा उसवणारच आहात, ती महागाच्या मण्यांची कशाला? स्वस्त मण्यांत जाड, बारीक, वाकडे निघतात. ताटलीत पसरा आणि वाकडे बाजूला काढा, तांदूळ निवडल्यासारखे. (हे काम आमच्या आईला दिलं तर माझ्या दुप्पट वेगाने होतं. तिने लग्नाआधी केलेलं मण्यांचं तोरण अजून दारावर आहे. मुलगा असून मणी ओवतोस, असं विचारणाऱ्यांना मी तेच दाखवतो.) काठियावाडातल्या बायकांनी मोतीभरताची तोरणं नि चाकळे सुईदोऱ्यावरच केले. त्यांना कोणी किट दिलं होतं?

राग पंधराशे रुपयांचा नाहीये. ते गेले तर गेले. पण चांगली हुशार मुलगी डबा मिटून "मला जमत नाही" म्हणून मोकळी होते, याचा आहे.

असो. रविवारी ती घरी आली होती. संध्याकाळपर्यंत चार बोटं पट्टी झाली, दोनदा उसवून. माग मी ठेवून घेतलाय, मोबाईल उभा करायला बरा आहे.