फायरवॉल बंद करा, सगळं चालेल!

बिलिंगचं सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना एक गुरुमंत्र बहुधा मुंजीतच कानात सांगितला जातो: "फायरवॉल बंद करून टाका." कायमची? "हो हो, काही होत नाही." आणि याच विभूतींच्या माहितीपत्रकावर भलंमोठं कुलूप छापलेलं असतं. खाली ओळ: आपल्या डेटाची संपूर्ण सुरक्षा. कुलूप छापायचं आणि दार उखडायचं, दोन्हीचे पैसे आपणच द्यायचे!

प्रकरण असतं केवढं? डेटाबेस आतल्या खोलीतल्या मशीनवर, काउंटरवरचे कॉम्प्युटर त्याच्याशी बोलणार. एसक्यूएल सर्व्हरचा रूढ पोर्ट टीसीपी १४३३. एवढं पाठ करून आलेला तज्ज्ञ तो उघडतो, आणि पडद्यावर 'सर्व्हर सापडत नाही' म्हणणारी २६ नंबरची एरर. निदान तयार: फायरवॉल वाईट! अहो प्रकांडपंडित, तुम्ही टाकलीत एक्सप्रेस आवृत्ती. तिच्यात टीसीपी-आयपी मुळात बंद असतं. शिवाय ती नेम्ड इन्स्टन्स म्हणून बसली, की १४३३ वर न थांबता मिळेल तो पोर्ट धरते. कुठला, ते सांगायला ब्राउझर सर्व्हिस बसते यूडीपी १४३४ वर. ती तुम्ही सुरू केलीत? नाव तरी ऐकलंय?

खरा इलाज चहा निवायच्या आत होतो. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये टीसीपी-आयपी चालू करा, 'आयपी ऑल'मधली डायनॅमिक पोर्टची चौकट रिकामी करा, खालच्या चौकटीत १४३३ लिहा, सर्व्हिस रीस्टार्ट करा. मग फायरवॉलमध्ये तेवढ्याच पोर्टचा इनबाउंड रूल, तोही फक्त लोकल सबनेटपुरता. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये आयपी, स्वल्पविराम, १४३३. संपलं. पण यासाठी वाचावं लागतं, आणि वाचन आमच्या सपोर्ट-महर्षींच्या तपश्चर्येत बसत नाही.

"काही होत नाही" म्हणे! जानेवारी २००३ मध्ये स्लॅमर नावाचा किडा याच यूडीपी १४३४ मधून शिरला. आकार ३७६ बाइट, म्हणजे या लेखाच्या एका परिच्छेदाहूनही लहान. पासवर्ड वगैरे विचारण्याचा शिष्टाचार त्याने पाळला नाही. दहा मिनिटांत बहुतेक कच्ची मशीनं गारद. पॅच सहा महिने आधीच आलेला होता, हे वेगळं सांगायला हवं? अमेरिकेत ओहायोतल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात फायरवॉल चोख होती. किडा आला कंत्राटदाराच्या, फायरवॉलला वळसा घालून जोडलेल्या लाइनवरून. सुरक्षेची माहिती दाखवणारी यंत्रणा जवळपास पाच तास बंद! नशीब, अणुभट्टी तेव्हा आधीच बंद होती.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी एएमसीचा चेक लिहिण्याआधी एवढंच मागा: कुठला पोर्ट, टीसीपी की यूडीपी, कुठल्या मशीनपुरता. कागदावर, सहीनिशी. देता येत नसेल, तर पेनाला टोपण लावा.