चरबी आहे, मग खायचं कशाला?

लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्यांत एक मत फार ठामपणे सांगितलं जातं: पहाटे रिकाम्या पोटी निघा, पाण्यावर चालवा, शरीर आपोआप चरबी जाळेल. या मताचा आधार खरा आहे, हे आधी मान्य करतो. सडपातळ माणसाच्या अंगावरही आठ-दहा किलो चरबी असते आणि तिच्यातली ऊर्जा कित्येक दिवस पुरेल. उलट स्नायू आणि यकृतात मिळून ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली कर्बोदकं, जेमतेम ४००-५०० ग्रॅम, म्हणजे फार तर २००० कॅलरी. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, तर ४-५ हजार कॅलरी सहज लागतात. मग मोठं कोठार सोडून लहानाच्या मागे का लागायचं?

कारण त्या मोठ्या कोठाराचं दार अरुंद आहे. चरबीतून ऊर्जा सावकाश निघते. सपाट रस्त्यावर, गप्पा मारत चालवताना ती बरंचसं भागवते. पण वाई सोडून पसरणीचा घाट सुरू झाला, पाचगणीपर्यंतचा सुमारे ६०० मीटरचा चढ अंगावर आला, की स्नायू कर्बोदकं मागतात. मेंदूलाही ग्लुकोज हवं, आणि यकृतातला साठा रात्रीच्या उपासाने पहाटेपर्यंत बराच ओसरलेला असतो. याच घाटात कठड्यावर बसलेला एक तरुण मी पाहिला आहे. दम लागलेला नव्हता, पाय धड होते. पण हेल्मेटचं बक्कल काढायला बोटं वळत नव्हती आणि नाव विचारलं तर उत्तर रेंगाळत येत होतं. सकाळपासून नुसतं पाणी प्यायला होता. केळं आणि मीठ-साखरेचं पाणी पोटात गेल्यावर पंधरा-वीस मिनिटांत नीट बोलू लागला. तो त्या अवस्थेत उतारावर असता तर ब्रेक वेळेवर दाबले गेले असते का? अशा उपाशी चालवण्याला चिकाटी म्हणून गौरवणाऱ्यांचा मला राग येतो.

‘वारकरी कुठे तासातासाला खातात?’ असंही विचारतात. चालण्याची गती चरबीवर निभते, घाट चढणाऱ्या सायकलची नाही. शिवाय वारी उपाशी चालतच नाही; दिंडीचा स्वयंपाक असतो, वाटेवरची गावं चहा, केळी, जेवण घेऊन उभी असतात.

निरोगी माणसाने तास-दीड तास रमतगमत उपाशीपोटी चालवली तर बिघडत नाही. त्यापुढे मात्र भुकेची वाट पाहू नये. भूक कळेपर्यंत उशीर झालेला असतो. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच खायला लागावं आणि दर तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत: दोन मध्यम केळी आणि दोन खजूर. मधुमेह असणाऱ्यांनी हे गणित डॉक्टरांकडून मांडून घ्यावं.

दुसरं टोक एनर्जी जेलच्या पाकिटांवर चालवणाऱ्यांचं. जेलशिवाय ब्रेव्हे होतच नाही, हा समज नवख्यांना उगीच खर्चात पाडतो. एका जेलमध्ये २०-२५ ग्रॅम कर्बोदकं असतात, केळ्यातही तेवढीच. गूळ लावून गुंडाळलेली पोळी, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, राजगिऱ्याचा लाडू हे पदार्थ तेच काम चोख करतात. ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत दुसऱ्या रात्री गोडाची शिसारी येते. तेव्हा ढाब्यावरचा दहीभात जे करतो ते कुठलंही पाकीट करत नाही. वडापाव, मिसळ मात्र घाट उतरल्यावर. तेलकट खाणं पोटातून लवकर पुढे सरकत नाही आणि चढावर मळमळतं.

पाण्याचंही तसंच. एप्रिलच्या उन्हात घामावाटे मीठ जात असताना नुसतं पाणी ढोसत राहिलं, तर रक्तातलं सोडियम घसरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. लिटरभर पाण्यात पाव चमचा मीठ, थोडी साखर, लिंबू पिळून बाटली भरावी. यातलं काहीही ब्रेव्हेच्या दिवशी पहिल्यांदा करू नये. रविवारच्या राइडला हेच, याच वेळांनी खाऊन बघावं; चालवता चालवता पचवायचं पोटालाही शिकवावं लागतं, आणि त्याला काही आठवडे लागतात.