दिसलं ते डुक्करच होतं का?

बेंगळुरूजवळ येलहंकाच्या हवाई तळावर १९९६ पासून एअरो इंडिया भरतं. लोकांच्या माना आकाशातल्या कसरतींकडे वळलेल्या असतात, पण खाली मंडपात जमिनीवरच्या सैनिकासाठीही पुष्कळ काही मांडलेलं असतं. थर्मल दुर्बीण त्यातलीच. भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि टोन्बो इमेजिंग या दोन्ही बेंगळुरूच्याच कंपन्या अशा दुर्बिणी बनवतात. तिला चांदणं लागत नाही की टॉर्च. अंगातून बाहेर पडणारी उष्णता ती टिपते आणि अमावस्येच्या रात्रीही जिवंत देह पडद्यावर उजळून उठतो.

सीमेसाठी घडलेलं हे तंत्र अमेरिकेत टेक्सासच्या शेतांत केव्हाच पोचलं. तिथे थर्मल दुर्बीण लावलेल्या रायफलीने रात्री रानडुकरं मारणं हा छंदही आहे आणि धंदाही. २०११ च्या कायद्याने हेलिकॉप्टरमधून डुकरं मारायची वाट मोकळी झाली. २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाची संमती असेल तर शिकारीचा परवानाही लागत नाही. आपल्याकडे पिकं उद्ध्वस्त होत असताना हे का नको, असा सवाल कुणी केला तर तो हसण्यावारी नेता येणार नाही. कोकणातला भात असो की विदर्भातला हरभरा, डुकरांचा कळप एका रात्रीत खातो त्यापेक्षा जास्त तुडवून जातो. माळ्यावर बसून जागल करणाऱ्या, डबे बडवून घसा बसलेल्या शेतकऱ्याला वन्यजीवप्रेमाचं व्याख्यान ऐकवणं हा निर्दयपणा आहे.

तरीही टेक्सासची रीत इथे आणणं चुकीचं ठरेल, आणि त्याचं कारण त्या दुर्बिणीतच आहे.

अमेरिकी लष्करासाठी काम करणाऱ्या जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये रात्रीच्या दृष्टीचे निकष मांडले. समोर काहीतरी आहे एवढं कळायला प्रतिमेत जेवढा तपशील लागतो, त्याच्या सुमारे सहापट तपशील ते नेमकं काय आहे हे ओळखायला लागतो. तेवढा तपशील मिळूनही त्या निकषात यशाची शक्यता निम्मीच धरलेली असते. म्हणजे बाराशे मीटरवरून ‘दाखवणारी’ दुर्बीण ओळख पटवण्यासाठी दोनशे मीटरच्या आसपासच उपयोगी. त्यात मध्ये तूर किंवा ज्वारी उभी असेल तर देहाचे तुकडेच दिसतात. वाकलेला माणूस आणि उभं डुक्कर यांतला फरक मग नेमबाजाच्या अंदाजावर सोडायचा.

शिवाय आपलं शेत रात्री ओस नसतं. शेतीपंपाची वीज अनेक ठिकाणी रात्रपाळीत येते. कुणी मोटर चालू करायला निघालेला असतो, कुणी पाण्याचं बारं धरायला, कुणी राखणीला. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात बोरशेतीच्या जंगलात डुकराच्या शिकारीला गेलेल्यांपैकीच एक जण डुक्कर समजून झाडलेल्या गोळीने मेला. दुर्बिणीमुळे असे अपघात कमी होतील, असं तिचे समर्थक म्हणतात. जवळच्या अंतरावर, शिकलेल्या हातात ते खरंही असेल. पण ‘अंधारातही दिसतं’ या भरवशावर लांबून गोळी झाडायचा मोहही तीच दुर्बीण निर्माण करते.

दुसरा फरक डुकराचाच. स्पॅनिश दर्यावर्दी एर्नांदो दे सोतो १५३९ मध्ये फ्लोरिडात उतरला तेव्हा त्याच्यासोबत डुकरं होती. अमेरिकेतली रानडुकरं माणसानेच नेलेली, परकी. आपलं रानडुक्कर मूळचं इथलं आणि वाघ-बिबट्यांचं भक्ष्य आहे. सुधारित वन्यजीव संरक्षण कायद्यात ते दुसऱ्या अनुसूचीत येतं. पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली मारण्याची परवानगी मिळू शकते, पण ती अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने द्यायची असते.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये या परवानग्यांसाठी आदेश काढला. पुढच्याच वर्षी चंद्रपूरमध्ये ५३ रानडुकरं मारल्यावरून मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर हे केंद्रातले दोन मंत्री जाहीरपणे एकमेकांना भिडले. केरळने मे २०२२ मध्ये परवानगीचा अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांकडे दिला. मात्र विष, स्फोटकं आणि वीजप्रवाह वापरायला बंदी ठेवली.

ही बंदी महत्त्वाची आहे. परवानगीची वाट पाहून कंटाळलेला शेतकरी बंदूक विकत घेत नाही. तो कुंपणात थेट वीज सोडतो. एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ श्रीनिवास हा रेडिओ कॉलर लावलेला वाघ अशाच तारेला चिकटून मेला. अशा तारांनी माणसंही मारली आहेत.

म्हणून थर्मल उपकरण बंदुकीवर बसवण्याआधी वनरक्षकाच्या हातात द्यावं. त्रास असलेल्या प्रत्येक वनपरिक्षेत्रात एक ड्रोन आणि दोन-तीन दुर्बिणी असाव्यात. कळप कुठून उतरतो, किती मोठा आहे हे त्यातून कळेल, गावाला वेळेत निरोप जाईल आणि हाकारा नेमक्या दिशेने घालता येईल. आज डुकरांची संख्या वाढली की घटली, यावर वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना आकडाही मिळेल. जिथे मारावंच लागेल तिथे वनखात्याने नेमलेला प्रशिक्षित नेमबाजच असावा. गावात आधी दवंडी पिटावी, ओळख पटेल त्याच अंतरावरून गोळी झाडावी आणि प्रत्येक मेलेल्या जनावराची नोंद व्हावी. हौशी शिकाऱ्यांच्या रात्रीच्या सहलींना यात जागा नाही.

नुकसानीची भरपाई हा यातला अर्धा प्रश्न आहे. केंद्राने २०२६ च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेली नासधूस पीकविम्यात घेण्याचं जाहीर केलं आहे. त्यासाठी ७२ तासांच्या आत फोटोंसह नुकसान कळवावं लागेल. तक्रार नोंदवायला पंचायतीत माणूस नसेल तर हे कलम कागदावरच राहील. राज्य सरकारने तो माणूस आधी नेमावा, रायफलींचा विचार नंतर करावा.