इंग्लंडमध्ये तुमचे औषध मोफत असेल, पण त्याचा कागद मागून घ्या



आजचा विषय थोडा दूरदेशीचा वाटेल, पण तो आपल्या अनेक घरांपर्यंत पोहोचलेला आहे. इंग्लंडला शिकायला किंवा नोकरीला निघालेली मुले-मुली जाण्याआधी दवाखान्यात येतात, तेव्हा त्यांची एक मागणी हमखास असते : "डॉक्टर, वर्षभराच्या गोळ्या लिहून द्या, तिकडे औषधे महाग आहेत म्हणे." त्यांपैकी बऱ्याच जणांना थायरॉइड असतो, काहींना मधुमेह, एखाद्याला फिट्स. गंमत अशी, की याच तीन आजारांची औषधे इंग्लंडमध्ये मोफत मिळू शकतात. अट एकच : त्यासाठीचे प्रमाणपत्र तुमच्या नावावर असले पाहिजे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. ही सवलत आजारी माणसाने अर्ज करून, कागद जपून आणि मुदत लक्षात ठेवून मिळवायची, ही पद्धत मला पटत नाही. पण ती बदलेपर्यंत तो कागद न घेणे म्हणजे स्वतःचेच नुकसान करून घेणे आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

ब्रिटनची एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली, तेव्हा औषधे मोफत होती. १९५२ मध्ये चिठ्ठीवर शुल्क आले, १९६५ मध्ये ते रद्द झाले आणि १९६८ मध्ये पुन्हा लागू झाले. ते परत आणताना काही आजारांना आणि गरोदर स्त्रियांना सूट देण्यात आली. आजची यादी मुख्यतः त्या १९६८ सालचीच आहे. त्यानंतरची मोठी भर एकच : २००९ मध्ये कर्करोगाचे रुग्ण.

वेल्सने हे शुल्क २००७ मध्ये काढून टाकले, उत्तर आयर्लंडने २०१० मध्ये आणि स्कॉटलंडने २०११ मध्ये. म्हणजे तुमची मुलगी एडिंबरा किंवा कार्डिफला असेल, तर तिला हा लेख वाचायची गरज नाही. ती लंडन, लेस्टर किंवा मँचेस्टरला असेल, तर मात्र आहे. इंग्लंडमध्ये मे २०२४ पासून चिठ्ठीवरील प्रत्येक औषधाला ९.९० पौंड पडतात. व्हिसा काढताना आरोग्य अधिभार भरला असला, तरी हे शुल्क सुटत नाही. ते औषधाच्या किमतीवर ठरत नाही. चार आण्याची गोळी असो वा महागडे इंजेक्शन, चिठ्ठीवर दोन औषधे असतील तर दोन वेळा ९.९०. वयाची साठी ओलांडलेल्यांना आणि सोळा वर्षांखालील मुलांना ते मुळातच माफ आहे.

आजारासाठीचे प्रमाणपत्र

याला मेडिकल एक्झेम्प्शन सर्टिफिकेट म्हणतात. यादीतले आजार असे : औषध किंवा इन्सुलिन चालू असलेला मधुमेह, थायरॉक्सिन घ्यावे लागणारा हायपोथायरॉइड, सतत औषध घ्यावे लागणारी अपस्मार म्हणजे फिट्सची व्याधी, कर्करोग, त्याचे किंवा त्याच्या उपचारांचे परिणाम, अॅडिसन्ससारखे अॅड्रिनल ग्रंथीचे आजार, पिट्युटरी आणि पॅराथायरॉइड ग्रंथींची कमतरता, मायस्थेनिया ग्रॅव्हिस, कायम पट्टी किंवा पिशवी लागणारा शरीरावरचा कृत्रिम मार्ग, आणि दुसऱ्याच्या मदतीशिवाय घराबाहेर पडता येणार नाही असे कायमचे अपंगत्व.

आता बारकावे, कारण गोंधळ इथेच होतो.

फक्त पथ्यावर असलेला मधुमेह यात बसत नाही. मेटफॉर्मिन चालू झाले की बसतो. पण तीच मेटफॉर्मिन पीसीओएससाठी किंवा मधुमेहाच्या उंबरठ्यावर असताना दिली असेल, तर नाही. थायरॉइड जास्त काम करतो म्हणून गोळ्या चालू असतील, तर सूट नाही. त्याच रुग्णाची ग्रंथी उपचारांनी मंदावली आणि थायरॉक्सिन सुरू झाले, की सूट लागू होते. आणि सर्वांत महत्त्वाचे : प्रमाणपत्र मिळाले की फक्त त्या आजाराचेच नव्हे, तर चिठ्ठीवरचे प्रत्येक औषध मोफत मिळते. थायरॉइडच्या रुग्णाला घशासाठी लिहिलेले अँटिबायोटिकही.

अर्ज जी.पी. सर्जरीतून, म्हणजे ज्या डॉक्टरांकडे तुमची नोंद आहे तिथून करायचा. फॉर्मचे नाव एफपी ९२ ए. तिथे पोहोचल्यावर लगेच जी.पी.कडे नाव नोंदवा आणि इथले जुने रिपोर्ट व औषधांची यादी दाखवा. प्रमाणपत्र पाच वर्षे चालते. अर्ज पोहोचल्याच्या एक महिना आधीची तारीख त्यावर धरतात.

गरोदर स्त्रीसाठी

मॅटर्निटी एक्झेम्प्शन सर्टिफिकेट कोणत्याही आजाराशिवाय, फक्त गरोदर असल्यामुळे मिळते. मिडवाइफ, जी.पी. किंवा हेल्थ व्हिजिटर अर्ज करून देतात. ते प्रसूतीच्या अपेक्षित तारखेनंतर बारा महिन्यांपर्यंत चालते. गरोदरपणात अर्ज राहून गेला, तरी बाळ झाल्यावर त्या वर्षात करता येतो. २४ आठवड्यांनंतर मृत बाळ जन्मले, तरी आईचा हा हक्क जात नाही. दुःखात कोणाला हे आठवणार नाही, म्हणून घरातल्यांनी लक्षात ठेवावे. या प्रमाणपत्रावर एनएचएसचे दातांचे उपचारही मोफत मिळतात. आजाराच्या प्रमाणपत्रावर मात्र ते मिळत नाहीत.

आता डॉक्टर म्हणून मला ज्याची खरी काळजी वाटते ते सांगतो. थायरॉइड असलेली मुलगी इथून वर्षाच्या गोळ्या घेऊन जाते. तिकडे दिवस राहतात. ती त्याच डब्यातली तीच गोळी घेत राहते. गरोदरपणात थायरॉक्सिनची गरज पहिल्या काही आठवड्यांतच वाढते. अनेकींना डोस २५ ते ५० टक्क्यांनी वाढवावा लागतो. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाचा मेंदू आईच्याच थायरॉइडवर वाढत असतो. त्या काळात रक्ततपासणी न करता जुना डोस चालू ठेवणे धोक्याचे आहे. मधुमेह किंवा फिट्स असलेल्या स्त्रीला दिवस राहण्याआधीपासून ५ मिलिग्रॅमचे फॉलिक अॅसिड लागते, आणि ते तिकडे चिठ्ठीवरच मिळते. गोळ्यांचा साठा पैसे वाचवतो, पण डॉक्टरांपासून दूरही ठेवतो. तिकडे तपासणी मोफत, प्रमाणपत्रावर औषध मोफत, मग साठ्यावर विसंबायचे कशाला?

प्रमाणपत्र नसताना 'मला सूट आहे' म्हणू नका

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडमध्ये सूट आजाराला नसते, प्रमाणपत्राला असते. तुम्हाला वीस वर्षे मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे, पण प्रमाणपत्राची मुदत काल संपली, तर आज तुम्ही शुल्क देणे लागता. औषधाच्या दुकानात सूट असल्याचे सांगून सही केली आणि तपासणीत प्रमाणपत्र सापडले नाही, तर दंडाची नोटीस येते. मूळ शुल्काव्यतिरिक्त त्याच्या पाचपट, जास्तीत जास्त १०० पौंड. मुदत संपण्याची आठवण पत्राने येते, पण घर बदललेल्या माणसाला ते मिळतेच असे नाही. नवख्या मुलांची घरे तर वर्षाला बदलतात. म्हणून पत्ता बदलला की कळवा आणि मुदतीची तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

प्रमाणपत्र हातात येईपर्यंत औषध हवे असेल, तर पैसे भरा आणि त्याच वेळी एफपी ५७ ही पावती मागा. नंतर ती मिळत नाही. या पावतीवर तीन महिन्यांच्या आत पैसे परत मागता येतात.

तुमचा आजार यादीत नसेल, तर प्रीपेमेंट सर्टिफिकेट बघा. ते वर्षाला ११४.५० पौंडांना मिळते. वर्षात बारा औषधे लागली, तर सुटे शुल्क ११८.८० होते. म्हणजे महिन्याला एक औषध असेल, तरी ते परवडते.

माझे मत

दमा या यादीत नाही. हृदयविकार नाही, पार्किन्सन्स नाही, संधिवात नाही. सिस्टिक फायब्रोसिसही नाही, कारण १९६८ साली ती मुले मोठी होईपर्यंत क्वचितच जगत. आज ती जगतात, नोकरी करतात आणि औषधाचे पैसे भरतात. आजारांचे रूप बदलले, यादी तशीच राहिली. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या प्राध्यापक इयन गिलमोर यांच्या समितीने सर्व दीर्घकालीन आजारांना टप्प्याटप्प्याने सूट द्यावी, असे सुचवले होते. तो अहवाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, पण अमलात आला नाही.

याच्या विरुद्ध बाजूही आहे. सगळेच मोफत केले तर पैसा कुठून येणार, आणि भरपगारी माणसाने ९.९० पौंड का देऊ नयेत, हा प्रश्न चुकीचा नाही. पण इंग्लंडमध्ये दहापैकी सुमारे नऊ औषधे आधीच मोफत दिली जातात. शुल्क पडते ते उरलेल्या एकावर, आणि त्यात तुटपुंज्या पगाराचा दम्याचा रुग्णही असतो. दोन इनहेलरपैकी एकच परवडत असेल, तर रुग्ण लगेच मोकळे वाटवणारा उचलतो आणि रोज घेऊन झटका टाळणारा सोडतो. कोणत्याही देशातला डॉक्टर हे ओळखतो. एक झटका येऊन रुग्णालयात दोन दिवस काढले, की वाचवलेले ९.९० पौंड सरकारला कित्येक पटींनी महाग पडतात.

यादी बदलणे आपल्या हातात नाही. यादीत असलेला आपला हक्क घेणे आहे. इंग्लंडमधल्या तुमच्या मुलाला, सुनेला, भाचीला आज एवढेच विचारा : थायरॉइडची किंवा शुगरची गोळी चालू आहे ना? दिवस गेले आहेत ना? मग प्रमाणपत्र काढले का, आणि त्याची मुदत कधी संपते?