पुलीचं वजन

मंडळी, आजचा विषय जरा निराळा आहे. आठवणी नाहीत, पुस्तकं नाहीत, पावसाळी भाज्या तर नाहीतच. आज मोटारीच्या इंजिनाच्या पुल्या! मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाईला यात काय कळतं, असं कुणाच्या मनात आलं तर ते साहजिक आहे. पण आधी वाचा, मग काय ती टीका करा.

निमित्त आमच्या नातवाचं. त्याने पहिल्या वर्षाच्या पगारातून पैसे साठवून एक जुनी होंडा सिटी घेतली. २००२ ची, १.५ व्हीटेक. तिला तो स्पोर्ट्स कार म्हणतो. चार दारं, मागे भली मोठी डिकी... मला तर ती वऱ्हाडाची गाडी वाटते. पण या मॉडेलवर जीव टाकणारी मुलं पुष्कळ आहेत म्हणे, आणि ते तिच्या इंजिनासाठी. दीड लिटरचं इंजिन आणि १०६ अश्वशक्ती, हे त्या काळी आपल्याकडच्या मध्यमवर्गीय गाडीला फार होतं. खऱ्या स्पोर्ट्स कार रविवारी सकाळी खालापूरच्या टोलनाक्यावरून पुण्याकडे गुरगुरत जाताना दिसतात. त्यांच्या किमती कोटींत. आमच्या मुलांची स्पोर्ट्स कार ही अशी असते, तिसऱ्या हातातली आणि स्वतः रंधा मारून घडवायची.

तर या गाडीसाठी त्याने ॲल्युमिनियमच्या तीन हलक्या पुल्या मागवल्या. एक क्रँकची, एक अल्टरनेटरची, एक स्टिअरिंगच्या पंपाची. मूळच्या काढायच्या आणि या बसवायच्या, तेही घरी, कर्जतच्या आमच्या अंगणात. त्यावरून घरात दोन तट पडले आहेत. त्याचे बाबा म्हणतात, हे थांबलं नाही तर गाडी विकून टाकीन. पुण्याची आत्या म्हणते, कायद्याने गुन्हा आहे. माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे आणि ते मी घरात बोलून चुकले आहे. घरीच बसव, पण दोनच बसव. तिसरी, म्हणजे क्रँकची, बसवू नकोस.

आता कारण सांगते. माझ्या वडिलांची खालापूर तालुक्यात भाताची गिरणी होती. एका सिलिंडरचं डिझेल इंजिन, त्याला दोन्ही बाजूंना जडचाकं, आणि तिथून लांब पट्टा हलरपर्यंत. सुरू करताना व्हॉल्व्हची कळ उचलून धरायची, हँडल मारून ते जड चाक गरागरा फिरवायचं आणि वेग आला की कळ सोडायची. धडधड सुरू! पट्टा घसरू लागला की त्यावर राळेची पूड. लहानपणी मला वाटायचं, एवढं जड चाक कशाला? वडिलांनी समजावलं होतं ते असं : इंजिन सतत ढकलत नाही, ते ठोके देतं. दोन फेऱ्यांत एक ठोका. मधल्या वेळात चाक नेतं.

म्हणजे फिरणाऱ्या यंत्रात जडपणा हा नेहमीच बोजा नसतो, काही वेळा ते त्याचं कामच असतं. पण नातवाच्या क्रँक पुलीची गोष्ट याच्याही पुढची आहे, आणि ती मला त्यानेच जुनी पुली दाखवली तेव्हा कळली. बैलगाडीच्या चाकाला कसा मध्ये तुंबा आणि बाहेर लोखंडी धाव असते, तशी या पुलीलाही आतला तुंबा आणि बाहेरचं जड कडं. मात्र दोघांच्या मध्ये आरे नाहीत, काळ्या रबराची गोल पट्टी आहे. कडं तुंब्याला त्या रबरानेच धरलेलं. हे रबर तिथे उगीच नाही.

क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिनाचा कणा. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या फिरतं तेव्हा त्या कण्यावर सेकंदाला १०० ठोके पडतात, ६००० फेऱ्यांना २००. प्रत्येक ठोक्याला तो कणा ओलं लुगडं पिळावं तसा किंचित पिळला जातो आणि लगेच उलगडतो. डोळ्यांना दिसणार नाही इतकंच. एका टोकाला जडचाक असतं, त्यामुळे ते टोक स्थिर. जास्त हिसके बसतात ते दुसऱ्या, पुलीच्या टोकाला. आता झोपाळा आठवा. दर झोक्याला नेमक्या वेळी बोट लावलं तरी झोपाळा आढ्याला टेकायला बघतो. तसंच एखाद्या ठरावीक वेगाला ठोक्यांचा ताल आणि कण्याची स्वतःची थरथर जुळली की थरथर वाढत जाते. तिथे ते बाहेरचं कडं रबरावर उलटसुलट हलतं आणि थरथर स्वतःच्या अंगावर घेतं. रबर किंचित तापतं, कणा वाचतो. अशी थरथर शोषणारी चाकं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरने मोटारीत आणली, म्हणजे ही काही कालची भानगड नाही.

नवी पुली एकसंध ॲल्युमिनियमची आहे. दिसायला देखणी, निळा रंग, पण रबर नाही. थरथर शोषणारं काही नाही.

याच्या विरुद्ध बाजूनेही बोलायला हवं. चार सिलिंडरचा क्रँक आखूड असतो, त्यामुळे ताठ असतो. सहा सिलिंडरच्या ओळीतल्या लांब क्रँकइतका तो पिळला जात नाही. काही लहान इंजिनांना तर कारखान्यातूनच रबराशिवाय पुली येते. शर्यतवालेही एकसंध पुल्या वापरतात. नातवाने हे सगळं मला ऐकवलं आणि ते खरं आहे. पण शर्यतीची इंजिनं वरचेवर खोलून तपासली जातात. आपलं इंजिन कोण खोलणार? आणि मूळ इंजिन आखणाऱ्यांनी रबराची पुली महाग पडत असूनही दिली, ती हौसेने नव्हे. शिवाय या इंजिनात तेलाचा पंप थेट क्रँकच्या त्याच टोकावर बसलेला आहे. हिसके वाढले तर मार खाणाऱ्यांत तो पुढे, आणि तेल थांबलं की इंजिनाचं काय होतं ते सांगायला नको. बिघाड लगेच दिसला असता तर मी एवढं लिहिलंही नसतं. तो दोन वर्षांनी, भलत्याच ठिकाणी दिसतो.

बरं, मिळतं काय? आम्ही जुनी पुली वाण्याच्या काट्यावर घातली. १ किलो ९०० ग्रॅम. नवी ४५० ग्रॅम. जवळजवळ दीड किलोचा फरक, ऐकायला मोठा वाटतो. हिशेब माझ्या आवाक्यातला नाही, तो नातवाकडूनच करून घेतला (मास्तरकीची सवय, उत्तर मुलाकडूनच काढून घ्यायचं). फिरणाऱ्या वस्तूचं वजन मध्यापासून जितकं दूर, तितका त्याचा परिणाम अंतराच्या वर्गाने वाढतो. पुलीची त्रिज्या सात सेंटिमीटर, तर जडचाकाची त्याच्या दुप्पट. गिअरचं गुणोत्तर धरून त्याने मांडलं ते ढोबळमानाने असं : पहिल्या गिअरमध्ये गाडी दहाएक किलोंनी हलकी झाल्यासारखी वाटेल. पाचव्या गिअरमध्ये अर्ध्या किलोने.

अर्धा किलो! डिकीत त्याने गाण्यांसाठी जो खोका बसवलाय तो एकटा पंधरा किलोंच्या वर आहे. तो काढला तर पाचही गिअरांत फायदा, आणि शेजाऱ्यांनाही. हे मी बोलले तेव्हा तो हसला, पण खोका अजून तिथेच आहे.

वजन आड येतं हे कर्जतकरांना कुणी शिकवायला नको. इथे पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना घाटासाठी मागून जादा इंजिनं जोडतात, कारण पुढे ३७ फुटांना एक फूट चढ आहे. पण त्याच घाटातली दुसरी एक गोष्ट या पुलीच्या विरुद्ध जाते. ही नवी क्रँक पुली मूळच्यापेक्षा थोडी लहान आहे, म्हणजे तिच्यावरून पट्ट्याने फिरणारं सगळं सावकाश फिरणार. वडिलांनी इंजिनाला लहान पुली लावली की हलर मंद फिरायचा, तोच न्याय. शर्यतीत हे चालतं, कारण तिथे इंजिन कायम वरच्या वेगात असतं. पण जुलैत, खोपोलीच्या वर वाहतूक तुंबलेली, इंजिन नुसतं गुणगुणतंय, आणि दिवे, वायपर, काचेवरची वाफ घालवणारा पंखा, रेडिएटरचा पंखा सगळं चालू. अशा वेळी अल्टरनेटर सावकाश फिरला तर वीज बॅटरीतून जाऊ लागते. (या गाडीत पाण्याचा पंप आतल्या टायमिंगच्या पट्ट्यावर चालतो, म्हणून तो सुटला. ज्या गाड्यांत तो बाहेरच्या पट्ट्यावर असतो त्यांना घाटात इंजिन तापण्याचीही धास्ती.) आणखी एक : इग्निशनची वेळ तपासायच्या खुणा जुन्या पुलीवर कोरलेल्या आहेत. नवीवर त्या नाहीतच.

अल्टरनेटरची आणि स्टिअरिंगची पुली मात्र मूळच्याच मापाच्या आहेत आणि तिथे रबराचा प्रश्न नाही. बसवू दे की! फायदा नखाएवढा, पण तोटाही नाही.

आता आत्याबाईंचा कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेला तपशील आणि उत्पादकाचा मूळ तपशील यात फरक पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पण नोंदणीच्या पुस्तकात पुलीचा रकाना नाही. माझ्या मते या कलमाचा रोख इंजिन बदलणं, सांगाडा बदलणं अशा गोष्टींवर आहे. तरी गाडी पंधरा वर्षांच्या पुढची, दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करून घ्यायची असते, तेव्हा तपासणीत नसते प्रश्न नकोत, एवढं मी मान्य करते. कायद्याचा बागुलबुवा दाखवून मुलाचा हात मात्र अडवू नये.

कारण खरा वाद इथे आहे. गॅरेजला दे म्हणणारे त्याचे बाबा स्वतः पंक्चर झालं तरी फोन करतात (सुपुत्रा, तू हे वाचतोस हे मला माहीत आहे). मी जन्मभर मुलांना शिकवलं. संधी-समासात नापास होणारी मुलं शाळेची बंद पडलेली मोटार खोलून पाणी चढवताना मी पाहिली आहेत, आणि त्यांना पुढे कुणी कधी अवजार हातात धरू दिलं नाही हेही पाहिलंय. आमच्या या पोराला काय येतं बघा. क्रँकचा बोल्ट सोडवायला व्हिडिओत एक युक्ती दाखवतात, पाना जमिनीला टेकवून स्टार्टर मारायचा. तो म्हणाला, आजी, होंडाची ही जुनी इंजिनं उलटी फिरतात, त्यामुळे त्या युक्तीने बोल्ट सुटायच्या ऐवजी आणखी आवळेल. हे त्याला गॅरेजमध्ये शिकून कळलेलं नाही. जुनी पुलीही त्याने क्रँक नीट धरून, लांब दांड्याने काढली. नुसत्या जॅकवर भिस्त ठेवून गाडीखाली शिरला नाही, दोन्हीकडे लोखंडी स्टँड लावले होते. अशा मुलाची गाडी विकायची?

आणि जुन्या पुलीचं रबर मी बोटाने दाबून पाहिलं. वीस वर्षांहून जुनं, कडक झालेलं, एका जागी बारीक तडा. हे रबर सुटलं तर बाहेरचं कडं घसरतं, खुणाही खोट्या पडतात. म्हणजे क्रँकची पुली बदलायला हवी आहेच, पण नवी, मूळच्याच जातीची, रबराची. हलकी पुली परत घेतली तर तिचे पैसे त्यात घालता येतील.

रबराची पुली त्याने अजून मागवलेली नाही, पण किंमत विचारून आला आहे. निळी डब्यात परत गेली. या रविवारी बाकीच्या दोन बसणार आहेत. त्याचा खोपोलीचा मित्र पाने घेऊन येतोय. नातेवाईक मंडळींनी त्या दिवशी फोन करून त्याला झापू नये, आणि कर्जतला यायचं असेल तर दुपारनंतर यावं, सकाळी अंगणात गाडी लावायला जागा नसेल.