फोटो काढा, पण आधी बाजूला व्हा!

आपण मराठी माणसे इतिहासाचे मोठे अभिमानी! गडावर चढलो की आपला ऊर भरून येतो. पण त्या गडाकडे नेणाऱ्या रस्त्याच्या कडेला काय काय उभे होते, असे कोणी विचारले तर आपण एकमेकांची तोंडे पाहतो. राजाने बांधला तो इतिहास. शेटजीने वाटसरूसाठी बांधली ती अडगळ! रस्ता रुंद झाला की ही अडगळ जाते, आणि मागे तिची एक तसबीरही उरत नाही.

बोरघाटातला अमृतांजन पूल घ्या. दगडी कमानींचा, १८३० सालचा. ते नावही कोणा लाटसाहेबाचे नव्हे. बामाच्या जाहिरातीवरून लोकांच्या तोंडी बसलेले. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीने रस्ता ओस पडला असताना, सुरुंग लावून तो पाडण्यात आला. वाहतुकीला त्याची अडचण होत होती, हे खरे. त्यासाठी मी सरकारशी भांडत नाही. माझे भांडण तुमच्याआमच्याशी आहे. त्या पुलापाशी गाडी तुंबली की आपण घड्याळाकडे पाहिले. पुलाकडे किती जणांनी पाहिले?

यावर आपली उत्तरे ठरलेली असतात. पहिले म्हणजे, ‘हे पुरातत्त्व खात्याचे काम!’ अहो, १९५८ च्या केंद्रीय कायद्याची नजर शंभर वर्षांच्या आतल्या वास्तूकडे वळतच नाही. आणि नुसते यादीत नाव येऊन तरी काय होते? सेंट थॉमस चर्चपासून अंतर मोजणारे मुंबईतले काळे मैलाचे दगड वारसा म्हणून नोंदलेले. तरी त्यांतले कित्येक वर्षानुवर्षे पदपथात गळ्यापर्यंत गाडलेले होते.

दुसरे उत्तर, ‘त्यात पाहण्यासारखे आहे काय?’ गोव्यात वाटेच्या कडेला जांभ्या दगडाची दोवर्णी दिसतात. डोक्यावरचा भारा कोणाच्या मदतीवाचून उतरवता यावा आणि पुन्हा उचलता यावा, एवढ्याचसाठी ती बांधलेली. मुंबईत मशीद बंदराला केशवजी नायकांची १८७६ सालची पाणपोई आहे. तिच्यावर चक्क घड्याळाचा मनोरा! शहरातल्या काही पाणपोयांना तर गुराढोरांसाठी वेगळी कुंडी असे. परक्या माणसाच्या तहानेची आणि मानेवरच्या ओझ्याची ही काळजी पाहण्यासारखी नाही, तर मग पाहण्यासारखे आहे तरी काय?

तिसरे उत्तर सर्वांत चतुर: ‘फोटो काढून का इमारत वाचते?’ नाही वाचत. पण जॉन मार्गोलिस नावाच्या अमेरिकन गृहस्थाने काय केले ते ऐका. मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट आपल्या मुलांना ठाऊक आहे. तसल्याच थाटाची दुकाने, खानावळी, पेट्रोलपंप अमेरिकेच्या रस्त्यांवर होते. लाँग आयलंडवर तर बदके विकणाऱ्याने १९३१ मध्ये आपले दुकानच बदकाच्या आकाराचे बांधले! शहाण्यांनी नाके मुरडली. मार्गोलिस मात्र भाड्याची मोटार घेऊन चाळीसएक वर्षे हिंडला आणि मिळेल ते टिपत गेला. २०१६ मध्ये तो वारला. त्याच्या ११,७१० रंगीत पारदर्शिका आज तिथल्या काँग्रेसच्या ग्रंथालयात आहेत आणि त्या कोणालाही मोफत वापरता येतात. त्यांतल्या कित्येक इमारती आज नाहीत. पण त्या कशा होत्या, हे नातवंडांना दाखवता येते. आपण आपल्या नातवंडांना काय दाखवणार? टोलनाका?

आणि आज सबब तरी कोणती उरली? घरटी दोनदोन कॅमेरे खिशात आहेत! पण पाणपोईपाशी गेलो तरी फोटोत असतो बंडू, बंडूची आई आणि बंडूचा गॉगल. पाणपोई त्यांच्या पाठीमागे! वाचकहो, क्षणभर बाजूला व्हा. एक फोटो समोरून घ्या, एक बाजूने, आणि एक त्यावरच्या लेखाचा, अक्षरे वाचता येतील असा. मग गाव, रस्ता, तारीख लिहून ठेवा. कोणी बांधले, कशासाठी बांधले, ते जवळच्या म्हाताऱ्या दुकानदाराला विचारा. तोही वास्तूइतकाच लवकर नाहीसा होणारा आहे. नावगाव नसलेला फोटो म्हणजे पत्ता नसलेले पाकीट!

या दिवाळीत गावी जाल तेव्हा वाटेत निदान एकदा गाडी थांबवा. रुंदीकरणाच्या खुणेचा रंग ज्या भिंतीवर लागला आहे, तिथे आधी थांबा. परतताना ती भिंत असेलच, असा भरवसा नाही.