जुनें खेळयंत्र घरीं आणतांना

गेल्या महिन्यांत या सदरांत भिंतीवरच्या जुन्या घड्याळाविषयीं लिहिलें होतें. त्यावर एका वाचक भगिनीनें पृच्छा केली आहे कीं, घड्याळ निदान वेळ तरी सांगतें. परंतु केवळ करमणुकीची, दुसऱ्यानें वापरून टाकलेली वस्तु पैसे देऊन घरांत आणणें हें गृहस्थाला शोभतें काय? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर देण्याचा अधिकार मला अनायासें प्राप्त झाला आहे. कारण तशी एक वस्तु गेलें वर्षभर अंबाजोगाईच्या आमच्या घरीं माजघरालगतच्या खोलींत उभी आहे. तिच्यापायीं रुपये गेले ते गेलेच. पण माझ्या एका मूर्खपणामुळें भाऊबिजेच्या रात्रीं घरास आग लागावयाची ती थोडक्यांत टळली. ती हकीकत न लपवितां सांगितल्यास इतरांस उपयोग होईल असें वाटतें.

वस्तूचें नांव पिनबॉल. नांव परकें असलें तरी वस्तूची जात आपल्या ओळखीची आहे. माझ्या लहानपणीं आजोळीं बॅगाटेलची एक लांकडी फळी होती. वरची बाजू कमानदार, अंगावर ठोकलेले खिळे, खिळ्यांनीं केलेलीं अर्धवर्तुळाकार घरें व त्यांत लिहिलेले आंकडे, आणि उजव्या हाताला स्प्रिंगचा दट्ट्या. दट्ट्या ओढून सोडला कीं गोळी वर जाई आणि खिळ्यांवर आपटत कोठल्या तरी घरांत पडे. सुटींत आम्ही भावंडें त्या फळीभोंवतीं दुपारच्या दुपार घालवीत असूं. हा खेळ अठराव्या शतकांत फ्रान्समध्यें रूढ झाला. स्प्रिंगचा दट्ट्या असलेल्या सुधारलेल्या बॅगाटेलचें पेटंट १८७१ सालीं अमेरिकेंत माँटेग्यू रेडग्रेव्ह यानें घेतलें. पुढें १९३१ सालीं शिकागोच्या डेव्हिड गॉटलिब यानें नाणें टाकून खेळावयाचें ‘बॅफल बॉल’ नांवाचें यंत्र काढलें, तें फार खपलें. मग वीज आली, दिवे आले, घंटा आल्या. आणि १९४७ सालीं गॉटलिबच्याच कंपनींतील हॅरी मॅब्ज यानें ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रांत विजेनें उचलले जाणारे फ्लिपर बसविले. आमचीं मुलें त्यांस यंत्राचे ‘हात’ म्हणतात. बाजूचें बटण दाबलें कीं हा हात उसळतो आणि खालीं घरंगळणाऱ्या गोळीस पुनः वर फेंकतो. तोंपर्यंत गोळी सुटल्यावर खेळणारानें बहुतेक पाहत बसावयाचें होतें. आतां त्याच्या बोटांना काम आलें.

मुंबईस नोकरीवर असलेल्या पुतण्यानें असें एक १९७० नंतरच्या दशकांतील यंत्र हेरलें व घरीं कळविलें, तेव्हां आमच्या सोळा माणसांच्या कुटुंबांत दोन तट पडले. वडील बंधु अप्पा आतां ऐंशीच्या घरांत आहेत. ते मला म्हणाले, “अरे नाना, नाणें टाकून खेळतात म्हणतोस; मग हा जुगारच नव्हे का? तूं मुलांना संस्कृत शिकविलेंस, आणि अक्षसूक्त विसरलास?” ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील त्या सूक्तांत जुगाऱ्याच्या घराची झालेली दैना ज्यानें वाचली आहे, त्याला अप्पांची शंका हंसण्यावारी नेतां येणार नाहीं. खुद्द न्यूयॉर्क शहरांत १९४२ सालीं महापौर ला गार्डिया यांनीं या यंत्रांवर जुगार म्हणून बंदी घातली व पोलिसांनीं तीं हातोड्यांनीं फोडलीं. ती बंदी १९७६ सालीं उठली. त्या वेळीं रॉजर शार्प नांवाच्या तरुण लेखकानें नगरसभेच्या सभासदांसमोर खेळून, गोळी कोणत्या वाटेनें जाईल तें आधीं सांगून दाखविलें. आपल्याकडेहि १९५७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें चमारबागवाला खटल्यांत, ज्या स्पर्धेंत कौशल्याचा भाग मोठा आहे ती जुगार नव्हे, असा भेद केला आहे. मी हें सर्व सांगून म्हणालों, “अप्पा, पणाला कांहीं लावावयाचें नाहीं, आणि नाण्यावांचून चालेल अशी सोय आधींच करून घेऊं.” अप्पा म्हणाले, “पैसा लागणार नाहीं. वेळ पणाला लागेल त्याचें काय?” याचें उत्तर तेव्हां मजपाशीं नव्हतें.

तरीहि यंत्र घ्यावयाचें ठरलें. पुतण्यासह मी तें पाहावयास गेलों. असें यंत्र घेणारानें काय पाहावें तें अनुभवानें सांगतों. दिवे लागले व घंटा वाजली एवढ्यावर भुलूं नये. प्रथम वरची कांच पुढून सरकवून काढावयास लावावी व फळीवरील रंग बोटानें चांचपावा. रंग उडून लांकूड उघडें पडलें असेल तर तें पूर्ववत् होणें कठीण. मग फळी उचलून धरावयास सांगावें. खालीं तारांचें जंगल दिसेल. त्यांत कापून जोडलेल्या, चिकटपट्टी गुंडाळलेल्या तारा किती, वाळवीच्या किंवा उंदरांच्या खुणा आहेत काय, वेटोळ्यांवरचा कागद काळा पडला आहे काय, हें दिव्यानें पाहावें. तारांचा नकाशा विक्रेत्यापाशीं असल्यास तो यंत्राबरोबर मागून घ्यावा. त्यावांचून दुरुस्ती म्हणजे आंधळ्याची कोशिंबीर. आमचें यंत्र जुन्या पद्धतीचें. आंकडे फिरत्या चाकांवर येतात व सर्व काम रिले आणि स्पर्शपट्ट्या करतात. त्यानंतरचीं इलेक्ट्रॉनिक यंत्रें घेणारानें स्मरणासाठीं बसविलेले सेल आवर्जून पाहावे. ते फुटून गळले कीं आंतील पाटी खातात, आणि पाटी गेली कीं खर्चाला अंत नाहीं. आमचे यंत्राला ३८,००० रुपये पडले. माझी सूचना अशी कीं, किमतीच्या निम्मी रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठीं वेगळी काढल्यावांचून सौदा करूं नये. यंत्राचें वजन शंभर किलोहून अधिक असतें. पाय काढून, वरचें खोकें उतरवून व गोळी बाहेर काढूनच तें गाडींत चढवावें. गोळी आंत राहिली तर प्रवासांत हातोड्याचें काम करते.

घरीं आल्यावर पहिला विचार विजेचा. हें यंत्र अमेरिकेच्या ११५ व्होल्टांसाठीं केलेलें. आपल्याकडे वीज २३० व्होल्टांची. तेव्हां मध्यें व्होल्ट उतरविणारा ट्रान्सफॉर्मर हवाच. त्याची दोरी दोन तारांची होती, ती बदलून तीन तारांची केली व अर्थिंग नीट आहे कीं नाहीं तें तपासून घेतलें. मग पातळी. पायांखालचे स्क्रू फिरवून मागची बाजू किंचित् उंच करावी लागते. या जुन्या यंत्रांस उतार सुमारें साडेतीन अंश, तर अलीकडच्यांस साडेसहा. आडव्या दिशेनें मात्र फळी पाण्याच्या पातळीसारखी असली पाहिजे. आंत एक लंबक टांगलेला असतो. कोणी यंत्रास धक्के देऊन गोळी वळवूं लागला कीं लंबक भोंवतालच्या कड्याला टेकतो व डाव तेथेंच बंद पडतो. शाळामास्तर या नात्यानें मला ही योजना फार आवडली.

देखभालीचें म्हणाल तर आपल्या बीड जिल्ह्यांत मुख्य शत्रु धूळ व उन्हाळा. धुळीनें फळीवर कागदी कांचेप्रमाणें घांसण होते आणि उन्हाळ्यानें रबराचीं कडीं कडक होऊन चिरतात. कडीं आंकड्यानिशीं मोजून, आकार वहींत लिहून, पुरा जोड एकदम मागवावा. फळी कोरड्या मऊ फडक्यानें पुसावी, पाणी लावूं नये, आणि दोन-तीन महिन्यांनीं कारनौबा मेणाचा पातळ हात द्यावा. गोळी पोलादाची, व्यास सुमारें २७ मिलिमीटर, वजन सुमारें ८० ग्रॅम. तिच्यावर खड्डे पडले कीं ती बदलावी, नाहीं तर ती फळी ओरखडते. आमच्या मुलांनीं कॅरमच्या संवयीनें फळीवर बोरिक पावडर शिंपडली होती. ती खालच्या स्पर्शपट्ट्यांपर्यंत गेली व अर्ध्या घंटा मुक्या झाल्या. तेल देण्याचा मोहहि टाळावा. शिवणयंत्राला तेल लागतें म्हणून यालाहि लागतें असें नाहीं. वेटोळ्यांत व पट्ट्यांत गेलेलें तेल धूळ धरून बसतें. उंदरांसाठीं मागचें प्रत्येक छिद्र बारीक जाळीनें बंद केलें.

आतां तो मूर्खपणा. दिवाळींत घर भरलें होतें. पाडव्याला डाव्या फ्लिपरची फ्यूज गेली, नवी घातली. भाऊबिजेला सकाळीं पुनः गेली. शेवटची उरलेली घातली. संध्याकाळीं तिसऱ्यांदां गेली, तेव्हां दुकानें बंद होतीं आणि नातवंडें तोंडाकडे पाहत उभीं. मीं वायरच्या एका तुकड्यांतून तांब्याचे दोन-तीन तंतू काढले व फ्यूजच्या जागीं पिळून बसविले. शेतांतल्या पंपाच्या खोक्यांत असें करणारे मीं पुष्कळ पाहिले आहेत व वर्गांत त्यांच्या मूर्खपणाचें उदाहरणहि दिलें आहे. यंत्र सुरू झालें, टाळ्या पडल्या, आणि मी शहाणपणाच्या ऐटींत दिवाणखान्यांत जाऊन बसलों.

पाव तासानें वहिनी स्वयंपाकघरांतून धांवत आल्या. “भाऊजी, कांहीं तरी जळतंय!” म्हणून त्यांनीं प्रथम मेन स्विच पाडला आणि मग मुलांना ओढून बाहेर काढलें. फळीखालून धूर येत होता. वेटोळें काळें ठिक्कर पडलें होतें, त्याची नळी वितळली होती आणि जवळचें प्लायवूड तपकिरी झालें होतें. त्या तारांतून वीज तीस व्होल्टांच्या आसपासच जाते, म्हणून कोणाला धक्का बसला नाहीं. परंतु आग लावावयास तेवढी पुरते. थोरला नातू बटणावर बोट ठेवून तसाच उभा होता, हें आठवलें कीं अजूनहि अंगावर कांटा येतो.

दुसऱ्या दिवशीं तें वेटोळें घेऊन मी गांवांतल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे गेलों. त्याचा हात शेतपंपांच्या मोटारी भरण्यांत गेलेला. असलें यंत्र त्यानें पाहिलें नव्हतें. पण तो घरीं आला, फळी उचलून पाहिली, आणि अर्ध्या तासांत त्यानें मर्म धरलें. फ्लिपरच्या वेटोळ्याचे दोन भाग असतात: एक जाड तारेचा, हात झटक्यानें उचलणारा, दुसरा बारीक तारेचा, उचललेला हात धरून ठेवणारा. हात पुरा वर गेला कीं शेवटची एक स्पर्शपट्टी उघडते व जोराचा प्रवाह बंद होऊन बारीक तारेचा मंद प्रवाह तेवढा राहतो. आमची पट्टी चिकटली होती. त्यामुळें बटण दाबून धरलें कीं जोराचा प्रवाह वाहतच राही. पट्टी घांसून सरळ करावयाचें काम दहा मिनिटांचें. तो मला म्हणाला, “मास्तर, एकदां गेली तर गेली म्हणावं. तिसऱ्यांदां गेली म्हणजे आंत कांहीं तरी चिकटलं असणार. तार कशाला घातली तुम्ही?” चाळीस वर्षें इतरांना प्रश्न विचारलेल्या माणसापाशीं याला उत्तर नव्हतें. त्यानें जळक्या वेटोळ्याचे वेढे मोजून नवें भरून दिलें. तें आजतागायत चालू आहे.

त्या रात्रीं घरांत निर्णय झाला कीं यंत्र विकावयाचें. तो वहिनींनींच फिरविला. त्यांचें म्हणणें असें कीं, दोष यंत्राचा नव्हता. तें तीनदां सांगत होतें आणि ऐकावयास कोणी नेमलेला नव्हता. देवघरांतल्या समईची वात कोणीं पाहावयाची हें जसें ठरलेलें असतें तसें याचें ठरवा, नाहीं तर काढून टाका. त्याप्रमाणें दहावींतल्या नातवाकडे यंत्राचा कारभार दिला. फ्यूज ठरल्या अँपिअरचीच, आणि दुसऱ्यांदां गेली तर कारण सांपडेपर्यंत यंत्र बंद. वापर नसतांना खटका नव्हे, तर दोरीच काढून ठेवावयाची. आणि प्रत्येक बिघाड तारखेनिशीं वहींत लिहावयाचा. अप्पांच्या प्रश्नाचें उत्तरहि याच वहींत निघालें. शुभंकरोतीनंतर एकाला अर्धा तास, आणि ज्याला खेळावयाचें त्यानें त्या आठवड्यांत एकदां तरी पुसणें, तपासणें यांत हात घातला पाहिजे. गर्दी आपोआप ओसरली. जीं चार मुलें टिकलीं तीं आतां खेळतात त्याहून अधिक वेळ फळी उचलून खालीं पाहतात. अप्पा हें पाहून गप्प असतात, आणि त्यांचें गप्प राहणें म्हणजे संमति, असें आम्ही धरून चालतों.

तेव्हां भगिनीच्या प्रश्नास माझें उत्तर असें आहे. आमच्या गांवीं दासोपंतांची पासोडी, म्हणजे ग्रंथ लिहिलेलें लांबच लांब कापड, चारशें वर्षें टिकून आहे. तें आपोआप टिकलें नाहीं, पिढ्यान् पिढ्या कोणीं तरी जपलें म्हणून टिकलें. खेळण्याची तुलना त्या ग्रंथाशीं करण्याचा उद्धटपणा मी करीत नाहीं; पण नियम एकच. घरांत जिची जबाबदारी नांवानें घेणारा व जिला उघडून पाहणारा कोणी असेल, ती जुनी वस्तु अवश्य आणावी, मग ती करमणुकीची का असेना. तसा कोणी नसेल तर फुकट मिळाली तरी आणूं नये.

त्या वहीच्या पहिल्या पानावर भाऊबिजेची नोंद आहे. नातू ती लिहावयास बसला होता. परंतु वहिनींनीं लेखणी त्याच्या हातून घेऊन माझ्या हातीं दिली. ‘फ्यूजच्या जागीं तार घातली. चूक आजोबांची.’ एवढें लिहून मीं खालीं सही केली.